तिसरी बाजू : बहुप्रेमी प्रणयकादंबऱ्यांच्या वाचनाच्या नोंदी

४ जून

आजपासून हे काम रीतसर सुरू करते आहे. ज्या समकालीन प्रणयकादंबऱ्या शृंगार मोकळेपणाने रंगवतात आणि ज्यांच्यात प्रेमाची गाठ दोघांपुरती न राहता तिघाचौघांना, सर्वांच्या जाणतेपणाने आणि संमतीने, एकत्र बांधते, अशा बारा कादंबऱ्या ओळीने वाचायच्या आणि वाचताना मनात जे उमटले ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे, एवढाच हा प्रकल्प आहे. कादंबऱ्यांची नावे मी मुद्दाम लिहिणार नाही, क्रमांक पुरे आहेत. नाव लिहिले की हात आपोआप परीक्षणाकडे वळतो, आणि मला तर वाचक म्हणून माझ्यात काय घडते तेच पाहायचे आहे.

सुरुवातीलाच एक प्रश्न डोक्यात आहे. प्रणयकादंबरीचा सांगाडा दोघांच्या मापाने बेतलेला आहे. अभ्यासक पामेला रेगिस यांनी २००३ साली या साहित्यप्रकाराचे आठ घटक सांगितले. त्यांत नायक-नायिकेची भेट, त्यांच्यातील अडथळा, ओढ, प्रेमाची कबुली, आता सारे संपले असे वाटायला लावणारा क्षण आणि शेवटी वाङ्निश्चय हे येतात. दुसरीकडे, ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ ही १९८० साली स्थापन झालेली लेखकसंघटना प्रणयकादंबरीकडून दोनच गोष्टी मागते : कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकहाणी असावी आणि शेवट मनाला समाधान व उमेद देणारा असावा. माणसांच्या संख्येची अट तेथे नाही. मग दोघांसाठी शिवलेला अंगरखा तिघांना होतो का, आणि होत नसेल तर लेखिका तो नेमका कुठे उसवतात, हे मला पाहायचे आहे.

९ जून

कादंबरी पहिली. एक नायिका, तीन नायक, आणि शेवटपर्यंत ‘यांच्यापैकी कोण?’ हा प्रश्न तिच्यापुढे येतच नाही. वाचक या प्रकाराला ‘व्हाय चूज’ म्हणतात. दोन बैठकींत वाचून संपवली. पहिल्या प्रणयप्रसंगाला अंगावर काटा आला आणि पुढच्या पानाची घाई झाली, हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण वाचकाच्या शरीराला हाक घालणे हे या लेखनाचे काम आहे आणि ते काम नीट झाले तर त्याची नोंद आदराने व्हायला हवी.

तिसऱ्या मोठ्या प्रणयप्रसंगापासून मात्र मी पाने भराभर उलटू लागले. वर्णनात मोकळेपणा कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. वाचक अशा कादंबऱ्यांना एकापासून पाचपर्यंत मिरच्या देऊन त्यांची धग मोजतात आणि हिला पाच सहज मिळतील. पण मिरच्यांनी मोजला जातो तो शब्दांचा मोकळेपणा. दार लावून घेणाऱ्या कादंबरीला एक आणि दार सताड उघडे ठेवणारीला पाच, असा तो हिशेब आहे, आणि उघड्या दारातून आत पाहिल्यावर पाहण्यासारखे काही घडते आहे का, हे त्यातून कळत नाही. मी कशामुळे थंडावले याचे उत्तर आज माझ्याकडे नाही.

१२ जून

उत्तराचा एक धागा सापडला. दोन माणसांत एक जोडी असते, तिघांत तीन, चौघांत सहा आणि पाच जणांत दहा. पहिल्या कादंबरीत चार माणसे आहेत, म्हणजे सहा बाजू आहेत. त्यांपैकी नायिकेला तीन नायकांशी जोडणाऱ्या तीनच बाजू लिहिल्या गेल्या आहेत. ते तिघे पुरुष एकमेकांना काय लागतात, एकमेकांविषयी त्यांना काय वाटते, याबद्दल कादंबरीत जवळजवळ काही नाही. ते एकमेकांचे प्रियकर नाहीत हे मान्य, पण आपल्या प्रिय व्यक्तीवर आणखी कुणी प्रेम करत असेल तर त्या दुसऱ्या माणसाशीही आपले एक नाते तयार होते. बहुप्रेमी लोक अशा माणसाला ‘मेटामूर’ म्हणतात. स्वतंत्र शब्द घडवावा लागला, यावरूनच ते नाते किती खरे आहे हे कळते.

यापुढे प्रत्येक कादंबरीसाठी वहीत त्रिकोण किंवा चौकोन काढायचा, चौकोनाचे कर्णही काढायचे, आणि जेव्हा जेव्हा दोनच माणसांमध्ये काहीतरी पणाला लागेल तेव्हा त्या बाजूवर एक खूण करायची.

२० जून

कादंबरी दुसरी आणि तिसरी. दोन्हींत तिघेही आळीपाळीने प्रथमपुरुषी निवेदन करतात आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर निवेदकाचे नाव असते. समकालीन प्रणयकादंबरीत ही पद्धत आता सर्रास झाली आहे, आणि दोघांच्या कथेत ती निभावतेही, कारण दोन आवाजांतला फरक राखणे त्या मानाने सोपे असते. तीन आवाजांत हात लवकर उघडा पडतो. मी प्रकरणाचे शीर्षक कागदाने झाकून पहिले पान वाचायचे आणि निवेदक ओळखायचा, अशी कसोटी लावली. दुसऱ्या कादंबरीत माझा अंदाज वारंवार चुकला. तिसरीत जवळजवळ चुकलाच नाही, कारण तिच्यातला एक निवेदक जागा आणि वस्तू आधी पाहतो, दुसरी माणसांचे हात पाहते आणि तिसरा आधी ऐकतो. प्रणयप्रसंगांतही हा भेद टिकतो : ऐकणाऱ्याच्या प्रकरणात श्वास, कपड्यांची सळसळ आणि अर्धवट सुटलेली वाक्ये आहेत, तर हात पाहणारीच्या प्रकरणात तोच प्रसंग स्पर्शाच्या क्रमाने पुढे सरकतो. एकाच रात्रीचे तीन तपशील वाचूनही कंटाळा आला नाही.

दुसरीबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

२७ जून

आज मत्सराविषयी. चौथी कादंबरी वाचताना मला राग आला आणि त्याचे कारण नीट मांडायला हवे. नायिकेचा जोडीदार दुसऱ्या स्त्रीच्या प्रेमात पडतो. नायिकेची संमती असते, तरी पहिल्या रात्री ती एकटी जागी राहते. हे पान फार चांगले लिहिलेले आहे. पण सकाळी तो परत येतो, तिला जवळ घेतो, दोघांत एक उत्कट प्रसंग घडतो आणि मत्सर कायमचा नाहीसा होतो. रात्रभर जागलेल्या बाईला लेखिकेने अर्ध्या पानात गप्प केले.

‘मला जेलस वाटतं’ या एका वाक्यावर कादंबरीतील सर्वांची बोळवण होते, हेही मला खटकले. मराठीत विचार केला की लगेच भेद दिसू लागतात. त्याला जे मिळाले ते मलाही हवे, हा हेवा. त्या दुसऱ्या स्त्रीच्या गुणांतच खोट काढायला लावते ती असूया. माझे माणूस माझ्यापासून दूर जाईल हा धसका याहून निराळा आहे, आणि आपल्याला कुणी विचारलेच नाही हा अपमान आणखी निराळा. तिच्या मनात त्या रात्री यांपैकी काय होते हे लेखिकेला ठरवावेसे वाटले असते तर समेटाचा प्रसंगही वेगळा लिहिला गेला असता, कारण धसक्याला मिठीने आधार मिळू शकतो, पण अपमान मिठीने भरून निघत नाही.

याच्या उलट टोकाला ‘कम्पर्शन’ ही कल्पना आहे : आपल्या प्रिय माणसाला दुसऱ्या कुणाच्या सहवासात आनंद झाल्याचे पाहून आपल्याला होणारा आनंद. हा शब्द सॅन फ्रान्सिस्कोमधील केरिस्टा या सहजीवन-समुदायात रूढ झाला. शब्द नवा असला तरी दुसऱ्याच्या सुखाने सुखावण्याची भावना आपल्याला ‘मुदिता’ या नावाने जुनीच परिचयाची आहे. बौद्ध परंपरेतील चार ब्रह्मविहारांत तिला स्थान आहे. मात्र मुदिता साधनेने अंगी बाणवायची असते. कादंबरीतील माणसांना ती एका रात्रीत लाभते तेव्हा माझा विश्वास उडतो.

५ जुलै

या महिन्याची सर्वांत मोठी गोष्ट एका जुन्या ग्रंथात सापडली आणि तिने माझ्या त्रिकोणांना अर्थ दिला.

आपल्या काव्यशास्त्राला शृंगाराचे वावडे कधीच नव्हते. रती, म्हणजे प्रेमाची ओढ, हा शृंगाराचा स्थायीभाव, मीलनाचा संभोगशृंगार आणि विरहाचा विप्रलंभशृंगार ही मांडणी सर्वांना ठाऊक आहे; जुना काव्यशास्त्रकार मम्मट याने विप्रलंभाची जी पाच कारणे सांगितली त्यांत ईर्ष्याही आहे, म्हणजे मत्सराला त्याने शृंगाराच्या आतच जागा दिली. पण बहुप्रेमाचा प्रश्न आला की हे शास्त्र अडखळते. चौदाव्या शतकातील विश्वनाथ ‘साहित्यदर्पणा’त शृंगार कोठे खरा रस न राहता नुसता रसाभास, म्हणजे रसाचा केवळ आभास, होतो हे सांगतो, आणि तेथे अनेक नायकांविषयीच्या रतीचा स्पष्ट उल्लेख करतो. त्याच यादीत जी रती दोन्ही बाजूंनी नाही तीही आहे. एकतर्फी ओढ आणि अनेकांवरचे प्रेम यांना त्याने एका पंक्तीत बसवले, हे वाचून मी बराच वेळ थांबले. पहिल्या निर्णयाशी मी पूर्ण सहमत आहे आणि दुसऱ्याशी मुळीच नाही.

पुढे सतराव्या शतकात जगन्नाथ पंडित ‘रसगंगाधरा’त हाच प्रश्न द्रौपदीच्या उदाहरणाने पुन्हा उघडतो. त्याने दिलेल्या श्लोकात द्रौपदीची पहिली नजर पांडवांवर पडते आणि ती प्रत्येकापाशी वेगळी होते : कोठे झुकलेली, कोठे हललेली, कोठे विस्फारलेली, कोठे अगदी व्याकूळ. जगन्नाथ त्याचा उलगडा करतो. झुकलेल्या नजरेत युधिष्ठिराच्या धर्मशीलतेविषयीचा आदर आहे, हललेल्या नजरेत भीमाच्या धिप्पाड देहाचे भय आहे, विस्फारलेल्या नजरेत अर्जुनाच्या पराक्रमाची कीर्ती ऐकून झालेला हर्ष आहे, आणि व्याकूळ नजरेत नकुल-सहदेवांच्या सौंदर्याविषयीची उत्सुकता आहे. नव्या विद्वानांच्या मते हा रसाभासच; जुन्यांच्या मते मात्र ते अनेक नायक विवाहित पती नसतील तरच आभास, असा मतभेदही तो नोंदवतो.

शास्त्रार्थ कोणाच्या बाजूने लागला याच्याशी मला आज कर्तव्य नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्या कवीचे कसब. एका श्लोकात, चार विशेषणांत, त्याने द्रौपदीचे प्रत्येकाशी असलेले नाते वेगळ्या रंगाचे केले. पहिल्या कादंबरीत तिसऱ्या प्रणयप्रसंगानंतर मी का थंडावले, याचे उत्तर येथे मिळाले : नायिका तिन्ही नायकांकडे एकाच नजरेने पाहत होती. नावे बदलत होती, केसांचा रंग बदलत होता, पण तिची नजर बदलत नव्हती. (नकुल आणि सहदेव यांना कवीने एकाच नजरेत बसवले, ही मात्र त्या श्लोकातली माझ्या दृष्टीने राहून गेलेली जागा.)

११ जुलै

कादंबरी सातवी. आतापर्यंतची सर्वांत चांगली, म्हणून तिच्यातला एक प्रसंग जसाच्या तसा आठवून लिहिते.

दोन पुरुष नऊ वर्षे एकत्र आहेत आणि त्यांच्या आयुष्यात एक स्त्री आली आहे. निवेदन तिचे आहे. धाकट्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून थोरला त्याची नखे कापतो आहे. ती दारात उभी राहून पाहते. नख कापून झाले की थोरला त्याची कड कानशीने घासतो आणि मग स्वतःच्या अंगठ्याचे पेर त्या कडेवरून फिरवून खरखर राहिली आहे का ते चाचपतो. धाकटा दूरध्वनीवर कामाचे बोलतो आहे. तो हाताकडे पाहतही नाही, फक्त एक बोट झाले की दुसरे पुढे करतो. ती मनात म्हणते की हे दोघे एकमेकांना विचारत नाहीत, कारण विचारण्याचे दिवस त्यांनी कधीच मागे टाकले आहेत, आणि आपल्याला मात्र अजून प्रत्येक गोष्ट विचारावी लागते.

या दोन पानांत कुणी कुणाचे चुंबनही घेत नाही. तरी त्या कादंबरीतला सर्वांत उत्कट प्रसंग मला हाच वाटला, आणि त्यामागची लेखिकेची तयारी पुढे दीडशे पानांनी कळते. तिघे प्रथमच एकत्र असताना थोरला तिचा हात हातात घेतो आणि अंगठ्याचे पेर तिच्या नखाच्या कडेवरून फिरवतो. तिला तो स्पर्श ओळखू येतो, वाचकालाही येतो. त्याने तिला कुठे नेऊन ठेवले, हे सांगायला संवादाची गरज उरत नाही. पुढची चार पाने अगदी मोकळ्या वर्णनाची आहेत आणि त्यांतला एकही शब्द मी गाळून वाचला नाही.

वहीतल्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर खुणा आहेत. निवेदिकेच्या दृष्टीबाहेर असायला हवी होती अशी तिसरी बाजू, म्हणजे त्या दोघांची, लेखिकेने तिच्या पाहण्यातून लिहिली.

१८ जुलै

आठवी अर्धवट सोडली. संमती हा विषय तिने एका बैठकीत उरकला आहे : तिघे टेबलाशी बसतात, काय चालेल आणि काय नाही याची यादी करतात, आणि त्यानंतर कुणीही कुणाला काही विचारत नाही. अशी यादी खऱ्या आयुष्यात फार उपयोगाची आहे आणि कादंबरीत ती आली याबद्दल माझी तक्रार नाही. पण यादीत होकार दिलेली गोष्ट त्या रात्री नको वाटू शकते, हे लेखिकेच्या लक्षात आलेले दिसत नाही. नवव्या कादंबरीत याच्या अगदी उलट प्रत्यय आला. तेथे ‘थांबू?’ हा एक शब्द तीन वेळा येतो. पहिल्यांदा काळजीने, दुसऱ्यांदा खोडकरपणे, आणि तिसऱ्यांदा विचारणाऱ्याचाच आवाज कापतो. विचारण्यानेच धग वाढत जाते. ज्यांना वाटते की संमती विचारल्याने प्रणयाचा विरस होतो, त्यांनी ही तीन पाने वाचावीत असे मला मनापासून वाटते.

२६ जुलै

ताटातुटीची नोंद. प्रणयकादंबरीत शेवटच्या चतुर्थांशात सारे काही मोडते, हा सांगाड्याचा भाग आहे आणि त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. या कादंबऱ्यांत मात्र ताटातुटीचे एकच कारण पुन्हा पुन्हा भेटले : तिघांपैकी सर्वांत उशिरा आलेली व्यक्ती ‘तुम्ही दोघे माझ्याशिवाय सुखी होतात’ असे म्हणून निघून जाते. आजवर वाचलेल्या दहांपैकी चार कादंबऱ्यांत हे आहे. कारण खोटे नाही. आधीपासून असलेल्या जोडीजवळ इतिहास असतो, खाजगी विनोद असतात, न बोलता होणारी कामे असतात, आणि नव्या माणसाला त्या सगळ्याची भिंत वाटू शकते.

चूक होते ती समेटात. चारपैकी तीन कादंबऱ्यांत उरलेले दोघे मिळून तिला आणायला जातात, एकाच्या तोंडचे वाक्य दुसरा पूर्ण करतो, ‘आम्हाला तू हवी आहेस’ असे म्हणतात, आणि ती परत येते. पण तिला ज्याचा त्रास झाला ते ‘आम्ही’च तर होते! दोघांनी एका आवाजात माफी मागणे म्हणजे ती भिंत उचलून तिच्या दारात नेऊन ठेवणे आहे. चौथ्या कादंबरीत, जिच्यावर मी जूनमध्ये रागावले होते तिच्यातच, दोघे वेगवेगळ्या दिवशी येतात. एक जण येतो, आपल्यापुरते बोलतो, दुसऱ्याच्या वतीने एकही शब्द बोलायला नकार देतो आणि परत जातो. दुसरी तीन दिवसांनी येते आणि भांडते. मत्सराच्या बाबतीत जिने निराशा केली त्याच लेखिकेने हे लिहिले, हे मला प्रांजळपणे नोंदवायला हवे. २७ जूनची नोंद मी खोडणार नाही, पण ती त्या कादंबरीचा शेवट वाचण्याआधी, अर्ध्यावर असताना लिहिलेली होती.

३ ऑगस्ट

कादंबरी अकरावी आणि बारावी, आणि एकूण शेवटांविषयी. सुखान्त तिघांचा असला की वाङ्निश्चयाचे काय करायचे, हा लेखिकांपुढचा खरा पेच आहे. लग्न हा दोघांमधील करार म्हणूनच बहुतेक ठिकाणचे कायदे ओळखतात. अपवाद थोडे आहेत : अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील समरव्हिल शहराने २०२० साली दोनपेक्षा अधिक व्यक्तींच्या सहजीवनाची नोंदणी मान्य केली आणि शेजारच्या केंब्रिजने २०२१ साली तेच केले. त्यामुळे बहुतेक कादंबऱ्यांना आपला विधी स्वतःच घडवावा लागतो. अकरावीत तो मोठ्या पलंगावर येऊन थांबतो. नवे घर, तिघांना पुरेल असा पलंग आणि उपसंहारात बाळाची चाहूल. मला हे वाचताना आनंद झाला, तरी तो उसना वाटला, कारण दोघांच्या कादंबरीचाच उपसंहार एक उशी वाढवून येथे आणला आहे.

बारावीतले तिघे एकत्र राहतही नाहीत. ते आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे यावर भांडतात, कारण रकाना एकच असतो. शेवटी तिघे एकमेकांची नावे साखळीने लिहितात : पहिला दुसरीचे, दुसरी तिसऱ्याचे, तिसरा पहिल्याचे. ज्याला थेट कळवले जाणार नाही त्याला कळवण्याची जबाबदारी साखळीतल्या माणसाने उचलायची असे ठरते, आणि कादंबरी त्या तीन सह्यांवर संपते. या शेवटाने माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्रिकोणाची प्रत्येक बाजू येथे एकेका सहीत उतरली आहे.

१० ऑगस्ट

पहिली कादंबरी पुन्हा वाचली. दोन महिन्यांपूर्वी तिच्या चौकोनात पुरुषांना जोडणाऱ्या तीनही बाजू मी कोऱ्या ठेवल्या होत्या. या वेळी सावकाश वाचताना एकविसाव्या प्रकरणात एक ओळ सापडली : नायिका एका नायकाच्या खांद्यावर झोपी गेली आहे आणि दुसरा खोलीतून बाहेर जाताना दिव्याचा उजेड त्या जागणाऱ्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने दिवा वळवतो. ती तर झोपलेली आहे, म्हणजे दिवा तिच्यासाठी वळवलेला नाही. लेखिका पुढच्याच वाक्यात नायिकेकडे परतते आणि या ओळीकडे पुन्हा कधी वळून पाहत नाही. तरी ती ओळ तेथे आहे. एका कोऱ्या बाजूवर मी एक खूण केली. उरलेल्या दोन बाजूंसाठी आणखी दोनदा शोधले, पण तेथे काही मिळाले नाही.